आमच्याच तालुक्यातला परमुलूख

डिंभे धरणाच्या वरच्या वळणावरून पश्चिमेकडे नजर टाकली आणि माझ्या तोंडून जो उद्गार निघाला, तो मासिकात छापण्याजोगा नाही. आम्ही निरगुडसरची माणसं. ऊस, कांदा, बटाटा, मंचरचा बाजार आणि यात्रेतला बैलगाड्यांचा घाट एवढ्यात आंबेगाव तालुका संपतो, अशी आमची प्रामाणिक समजूत. पाणी म्हणजे कालव्याला सुटलेलं आवर्तन. ते नेहमी गढूळ, नेहमी घाईत, आणि आधी कुणाला मिळालं यावरून भावाभावांत जुंपवणारं. इथे मात्र पाणी हातपाय पसरून निवांत पडलंय! भाद्रपदातलं तिरकं ऊन त्याच्यावर आलंय. मधोमध गडद निळं, काठाला हिरवट, आणि एखादा ओढा येऊन मिळतो तिथे चहासारखं तांबूस. मागे डोंगर, त्याच्यामागे डोंगर, त्याच्याही मागे आणखी एक, आणि शेवटच्या डोंगराच्या डोक्यावर ढग असे बसलेत की डोंगर कुठे संपला आणि आभाळ कुठे लागलं, सांगता येत नाही.

घोड नदी अडवून केलेलं हे धरण. साठा सुमारे साडेतेरा टीएमसी. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. महाळुंगे पडवळचा हा पोरगा मुंबईत गिरणी कामगार होता आणि 12 डिसेंबर 1930 ला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला, हे आम्हाला शाळेपासून पाठ. धरण किती टक्के भरलं, हेही आम्हाला पाठ. श्रावणात आमच्या पारावर दुसरी बातमीच नसते. पण ‘ऐंशी टक्के’ असं पेपरात वाचणारा माणूस त्या ऐंशी टक्क्यांच्या काठावर उभा राहिला की काय होतो, ते मी आता सांगू शकतो. लहान होतो. गावच्या पाझर तलावाच्या पलीकडच्या काठावर म्हैस कुणाची आहे, हे मी शिंगांवरून ओळखतो. इथे पलीकडच्या काठावर घर आहे की खडक, हेच ओळखेना. तिथून धूर निघाला तेव्हा कळलं, घर.

आणि तळ्याचा आकार! गोल नाही, लांबट नाही. जिथे जिथे दरी होती तिथे तिथे पाणी घुसलंय. डोंगराची एक सोंड पाण्यात उतरते, तिच्या पलीकडे पुन्हा पाणी, पुन्हा सोंड. वळणावर वाटतं, चला, संपलं. पुढच्या वळणावर ते आधीपेक्षा रुंद होऊन समोर. असं किती वेळा फसावं माणसानं!

रंगांचं तर विचारूच नका. आमच्याकडे या दिवसांत हिरवा म्हणजे उसाचा, एवढंच. इथे भाताच्या खाचरांचा पोपटी, नाचणीचा काळपट, कारवीच्या झुडपांचा मातकट आणि आंबा-जांभळाच्या राईचा जवळजवळ काळा, असे सगळे हिरवे एकाच उतारावर. त्यात मधेच खुरासणीची शेतं पिवळीधमक, हळदीचं पातेलं सांडावं तशी. कातळावर सोनकी फुललेली. आणि हे सगळं न्याहाळत उभा असताना पाऊस डोंगर उतरून चालत आला. खरंच चालत आला. समोरची सोंड पुसली गेली, मग अलीकडची, मग पाण्यावर एक करडी रेघ आमच्याकडे सरकत आली, आणि पुढच्या क्षणी मी चिंब. आमच्याकडे पाऊस येणार म्हटलं की आठवडाभर आभाळाकडे बघतो, त्याला साकडं घालतो. त्याच एका तालुक्यात पूर्वेला पावसाची मोजणी शेकड्यांत आणि पश्चिमेला हजारांत. पंचनामे करणारे तलाठीसुद्धा वेगवेगळ्या देशांचे हवेत.

माझा मित्र मूळचा इथला, तळ्याकाठच्या एका वाडीतला. महादेव कोळी समाजातला. त्याच्या घरी गेलो. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीने सारवलेल्या, डोक्यावर कौलं. आत शिरताच अंधार, मग धुराचा वास, मग ओल्या घोंगडीचा वास, आणि या दोन्हींना बाजूला सारून येणारा तांदळाच्या भाकरीचा वास. चुलीपुढे त्याची आजी. माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“कंच्या गावचं रं तू?”

“निरगुडसरचा, आजी.”

“ते कुटं आलं?”

“खाली, कारखान्याकडं,” मित्र म्हणाला.

“मंग आमचंच पानी पितू की.” असं म्हणून तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मी काय बोलणार? भाकरी खाल्ली. पांढरी, मऊ, कडेला किंचित करपलेली. सोबत तळ्यातल्या चिलापीचं झणझणीत कालवण, कुर्डूची भाजी, आणि खुरासणीची चटणी. ही चटणी काळी कुळकुळीत, बोटांनी दाबली की तेल सुटतं. आमच्या शेंगदाण्याच्या चटणीला मी आजवर राजा समजत होतो. राजा पदच्युत झालाय, घरी अजून सांगितलेलं नाही.

जेवणानंतर आजी ओटीवर येऊन बसली आणि हनुवटीनेच पाण्याकडे दाखवलं. तिचं सासर तिथे होतं, खाली. घोडेच्या काठची काळी जमीन, विहीर, आंब्याची झाडं. धरणाचं काम 2000 सालाच्या सुमारास पुरं झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून खोऱ्यातली गावं उठत गेली. काही कुटुंबं लांब पुनर्वसनात गेली, पुष्कळजण मात्र पाणी जसं वर येईल तसं डोंगर चढत राहिले आणि उतारावरच घरं बांधून बसले. आजी त्यातली. हे सगळं तिने आपल्या घरापुढची बाभळ कुणी तोडली, हे सांगावं अशा आवाजात सांगितलं. कुठे रडारड नाही. मला मात्र घास अडकल्यासारखं होत होतं.

तेवढ्यात पाण्यात काहीतरी हललं. ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर एक माणूस बसलेला, हातात वल्ह्यासारखी दोन फळकुटं, मांडीवर जाळं. एवढ्या समुद्रासारख्या पाण्यात! वारा सुटलाय, लाटा उठतायत, आणि हा गडी ओसरीवर बसल्यासारखा सुपारी कातरतोय. रोहू, कटला, मृगळ ही नावं इथली पोरं क्रिकेटपटूंसारखी घेतात. डोंगरात नाचणी-वरई करणारी ही माणसं. तळं उशाशी आलं तेव्हा मासेमारी नव्याने शिकली, सहकारी संस्था केली, हक्कासाठी भांडली. या भागात आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी उभ्या केलेल्या ‘शाश्वत’ संस्थेने त्यांना साथ दिली. त्या कामाला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. जगाला कळलं, तालुक्याच्या पूर्वेला कळलं नाही. आमच्याकडे त्या वर्षी बहुधा बैलगाड्यांच्या शर्यतबंदीची चर्चा चालू असावी.

मग आहुप्याला निघालो. त्या वाटेवर माळीण फाटा लागतो. इथे गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराचा कडा सुटला आणि गाव चिखलाखाली गेलं. 151 माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला रोजचं गाव जागेवर दिसेना, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला पत्ता लागला. नवं गाव जवळच आमडे इथे वसवलं, 2017 मध्ये लोक तिथे राहायला गेले. मी डोंगराकडे पाहिलं. तो पुन्हा हिरवा झालाय. ज्या पावसाचं मी इतका वेळ कौतुक करत होतो, तो हाच.

आहुपे म्हणजे तालुक्याचं टोक, आणि टोक म्हणजे अक्षरशः टोक. सपाट माळावरून चालत गेलो. गवत गुडघ्याएवढं, त्यात जांभळी-पांढरी फुलं, गुरं चरताहेत, आमच्या गायरानासारखंच सगळं. आणि एकाएकी जमीन नाही. पाय थांबले, पोटात गोळा आला. दोन हजार फुटांहून खोल कडा, आणि तळाशी कोकण! ढगाला भोक पडलं की खाली मुरबाडकडची भातशेती दिसते, कौलांचे ठिपके दिसतात, आणि समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके ढगातून असे वर आलेत की कुणी जमिनीतून दोन बोटं दाखवावीत. वारा इतका, की कड्यावरून उडी घेतलेलं पाणी खाली जातच नाही. अर्ध्यातून माघारी फिरतं आणि आपल्याच तोंडावर उडतं. पाणी वर चाललंय! नाणेघाटात असं होतं हे ऐकलं होतं. ऐकलेल्यावर माझा विश्वास नव्हता.

याच अंगाला घोडेचा उगम. कड्याच्या पलीकडे पडलेला थेंब मुरबाडच्या नद्यांतून अरबी समुद्रात जातो, मोटारीने दोन-तीन तासांचा प्रवास. अलीकडे वीतभर अंतरावर पडलेला थेंब मात्र डिंभ्यात थांबतो, आमच्या शिवारावरून जातो, भीमेला मिळतो, पंढरपूर करतो, कृष्णेत शिरतो आणि पार बंगालच्या उपसागरात पोचतो. मित्राला म्हटलं, एवढा लांबचा पल्ला आणि वाटेत विठोबाचं दर्शनही. तो म्हणाला, “वाटेत तुमचा ऊस पण आहे ना, तिथंच संपत असेल.” या डोंगरातली माणसं कमी बोलतात, पण नेम चुकत नाही.

आहुप्याची देवराई. आपल्याकडे देवाच्या नावाने चार चिंचा राखल्या तरी कौतुक. इथे जंगलाचं जंगल राखलंय. आत ऊन उतरत नाही. वेली मांडीएवढ्या जाड, झाडांच्या खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि वर कुठेतरी खर्र-खर्र असा आवाज करत शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर. तांबूस पाठ, झुपकेदार लांब शेपूट. आपल्या राज्याचा हा प्राणी मी आजवर फक्त स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात पाहिला होता. इथून वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही, असा जुना दंडक. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं, पण कायद्याच्या कितीतरी पिढ्या आधी इथली राखण सुरू झाली होती.

रात्री मित्राने मला पुन्हा जंगलाच्या कडेला नेलं. “बॅटरी बंद कर आणि गप उभा राहा.” उभा राहिलो. काहीच दिसेना. रातकिडे, पानांवरून ठिबकणारं पाणी, माझाच श्वास. मग डोळे अंधाराला सरावले, आणि पायाशी जमीन उजळायला लागली. अहो, खरंच उजळायला लागली! कुजलेल्या काटक्या, पालापाचोळ्यातली काडी, पडलेल्या फांदीचा एक कोपरा, सगळं फिकट हिरवं. घड्याळातल्या रेडियमसारखं. मायसेना नावाची बुरशी, ओल्या कुजक्या लाकडावर वाढते आणि पावसाळ्यात अशी चमकते. मी खाली बसून एक काटकी जवळून पाहिली. पृष्ठभागावर अगदी बारीक, पसरट उजेड. बोटाने झाकला तर अंधार, बोट काढलं की पुन्हा. ऊब नाही, आवाज नाही. दिवाळीत आमच्या गावात जेवढा दारूगोळा उडतो त्याच्यात एवढी गंमत कधी वाटली नव्हती. काटकी होती तिथेच ठेवली. दंडक तो दंडक.

परतताना वाटेवर एक शेंदूर फासलेला दगड. वाघोबा. मी जरा बिचकलोच, कारण आमच्याकडे बिबट्याचं नाव काढलं की संध्याकाळी पोरं घरात, पिंजरा लावा म्हणून वन खात्याला फोन, उसाला पाणी द्यायला रात्री एकट्याने जायचं नाही. कालवे आले, ऊस आला, उसात बिबटे आले, आणि माणसांवर हल्लेही झाले. ती भीती खोटी नाही. इथे त्याच जनावराला देव करून वाटेवर बसवलंय. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, त्या दिवशी गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात आणि गुरांना सांभाळ म्हणतात. उसाच्या फडात असा दगड बसवून भागेल, असं मी म्हणत नाही. पण एका तालुक्यात एकाच जनावराशी दोन नाती असू शकतात, याचं नवल वाटलं.

पुढे मे महिन्यात पुन्हा गेलो, आणि माझा विश्वास बसेना. तळं कुठाय? काठ फुटाफुटाने खाली उतरून गेलेला, डोंगरांच्या कमरेला तांबड्या मातीचे पट्टे, पट्ट्याखाली पट्टे, आणि तळाशी आखडलेलं पाणी. बाकीचं कुठे गेलं ते मला विचारू नका. उसात, कांद्यात, कालव्यांतून पार श्रीगोंदा-कर्जत-करमाळ्यापर्यंत. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं मिळून सात तालुक्यांना पाणी पाजतात. आणि त्या काळात डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन उतार चढत असतात. हे मी पाहिलं. तळ्याच्या काठावर, तळ्याच्याच पाण्यासाठी.

पाणी खाली गेलं की जुनं आंबेगाव वर येतं. तालुक्याला ज्याचं नाव, ते गाव. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला, आणि आंबेगाव स्वतः धरणाच्या पोटात! भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. घरांचे चौथरे, देवळाचे घडीव दगड, रस्ता असावा अशी एक सरळ ओळ. एका चौथऱ्यावर जात्याची अर्धी तळी पडली होती, मधलं भोक गाळाने बुजलेलं. ओलसर गाळाच्या कडेला मात्र हिरवे चौकोन. पाणी जसं हटेल तसं त्याच्यामागोमाग पीक घ्यायचं, याला गाळपेर म्हणतात. बुडालेली जमीन वर्षातले थोडे महिने परत मिळते, तेवढीही ही माणसं वाया जाऊ देत नाहीत.

आणि वर उतारावर पडकई चालली होती! मे महिन्याचं ऊन, कातळ तापलेला, आणि पाच-सात घरची माणसं मिळून एकाच्या शेतात. पहारी, टिकाव, घमेली. डोंगर वरून खणायचा, माती खाली ओढायची, खालच्या अंगाला दगडांची ताल रचायची, मग सपाट करायचं. झालं एक खाचर. उद्या दुसऱ्याच्या शेतात, परवा तिसऱ्याच्या. एक म्हातारेबुवा ताल रचत होते. दगड उचलायचे, हातात फिरवायचे, त्याचं तोंड बघायचे आणि ठेवायचे. ठेवलेला दगड पुन्हा हलवायची वेळ आली नाही. मी एक बसवून पाहिला. त्यांनी काही न बोलता तो काढला, उलटा केला, बसवला. सिमेंट नाही, चुना नाही, आणि हीच ताल या पावसात उभी राहणार. सावडीने एकमेकांचं शेत करायची रीत आमच्याकडेही होती म्हणतात. आता आमच्याकडे जेसीबी आहे आणि त्याचं तासाचं भाडं.

वाडीत अंगणभर, कातळभर, छपरांवर बाळहिरडा वाळत घातलेला. हिरडा कोवळा असताना, आत कोय धरायच्या आधी, झाडावर चढून काढायचा. वाळला की काळा, सुरकुतलेला, लवंगेपेक्षा जरा मोठा. झाडं उंच, फांद्या पातळ, आणि दरवर्षी कुणी ना कुणी पडतंच. बायकांचे तळवे त्याच्या डागाने काळेभोर, साबणाने न जाणारे. मी एक चघळला. तोंड आवळून आलं, डोळे मिटले, जीभ टाळ्याला चिकटली. “आता पानी पी,” आजी म्हणाली. प्यायलो, आणि साधं माठातलं पाणी उसाच्या रसासारखं गोड! आजी हसून लोटपोट. वर्षाचं मीठमिरची, पोरांच्या वह्या, दवाखाना, सगळं बहुतेक घरांत या तुरट फळावर चालतं. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याचं अतोनात नुकसान केलं, आणि फळाला आलेलं झाड गेलं की पुढच्या पिढीला वाट पाहावी लागते.

तेव्हा निरगुडसर, अवसरी, पारगावच्या मंडळींनो, काश्मीर करा, परदेश करा, पण पोराबाळांना घेऊन एकदा डिंभ्याच्या वर जाऊन या. भाद्रपदात गेलात तर रात्रीच्या जंगलात मोबाइलचे दिवे आणि गाणी नकोत. डब्याचं प्लास्टिक परत आणा. आणि वाडीतून तांदूळ किंवा हिरडा घ्यायची वेळ आली, तर सांगतील त्या भावाने घ्या.